सात चौकटींचा टीव्ही: मालवणातल्या प्रकल्प नोंदी

१४ एप्रिल २०२५

दादाच्या केबल ऑफिसच्या माळ्यावर टेबल टाकलं. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. मालवणच्या आसपासच्या काही वाड्यांत केबल आणि इंटरनेटच्या लायनी त्याच्या. त्याचं म्हणणं, येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्यांत लाइनचा काही दोष नसतो. कुणाच्या तरी हातून रिमोटचं भलतंच बटण दाबलं जातं, टीव्ही दुसऱ्या एचडीएमआयवर, म्हणजे तारेच्या दुसऱ्या खाचेवर, जातो आणि फोन येतो, "केबल गेली." मग पोरगा मोटारसायकल काढतो, जाऊन एक बटण दाबतो आणि परत येतो. पेट्रोल दादाचं.

म्हणून त्याला स्वतःचा डबा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, हवाय. चालू केला की समोर मराठीत मोजक्या गोष्टी, बाकी काही नाही. तारकर्लीच्या रस्त्यावरची निवास-न्याहारीची सहा घरं तयार आहेत, मिळून दहा खोल्या. शिवाय नात्यातली चार-पाच घरं. पुण्यात मी नऊ वर्षं दुसऱ्यांच्या सेट-टॉप बॉक्ससाठी सॉफ्टवेअर लिहिलं, तेव्हा "तूच कर गो" हे ओघाने आलंच.

संध्याकाळी आईच्या टीव्हीसमोर वही घेऊन बसले. टीव्ही लावल्यापासून सह्याद्री वाहिनी दिसेपर्यंत अकरा वेळा बटण दाबावं लागलं. त्यातली दोन दाबणी नुसती जाहिरात बंद करायला. सगळ्यात वरची मोठी चौकट एका वेबमालिकेची होती. ती आई बघत नाही, मी बघत नाही, आमच्या घरात कोणीच बघत नाही. ती जागा कुणीतरी विकली आणि कुणीतरी घेतली. टीव्ही आमच्या पैशाचा.

रात्री आपल्या डब्यातल्या ॲपची यादी केली. एकेचाळीस झाली. मी पण काही कमी नाही.

२२ एप्रिल

पाया कशाचा, यावर दोन दिवस डोकं खाल्लं. त्यात काल बातमी आली: अँड्रॉइड टीव्हीच्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलची तडजोड मान्य केली, २०.२४ कोटी रुपये भरून. आतापर्यंत प्ले स्टोअर हवं असेल तर टीव्ही बनवणाऱ्याला गूगलचं अख्खं गाठोडं घ्यावं लागे, आणि अँड्रॉइडच्या इतर अवतारांवर चालणारी उपकरणं बनवणार नाही असंही लिहून द्यावं लागे. आता भारतातल्या टीव्हींसाठी प्ले स्टोअर आणि प्ले सर्व्हिसेसचा वेगळा परवाना मिळणार.

दादाने बातमी वाचून दाखवली आणि विचारलं, "म्हणजे आता आपणाकपण गावतला?" त्याला सांगितलं, परवाना पैसे टाकून मिळेलही, पण डबा गूगलच्या चाचण्यांत पास व्हायला हवा. ते काम कारखानेवाल्यांचं. माळ्यावर एक बाई आणि एक सोल्डरिंगचं यंत्र एवढीच आपली कंपनी.

पैशाच्या ओटीटींचंही तेच. वाइडवाइन नावाची कुलपाची व्यवस्था असते. एल१ म्हणजे चित्र उलगडण्याचं काम चिपच्या सुरक्षित कप्प्यात होतं, एल३ म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये. एल३ वर मोठ्या सेवा एचडी देत नाहीत, काहींना तर त्यांनी स्वतः तपासलेलाच डबा लागतो. म्हणजे आपण नेटफ्लिक्सची चौकट लावली तरी पंचावन्न इंची पडद्यावर धुकं दिसणार आणि शिव्या दादाला पडणार. यादीतली चौदा नावं एका रेघेत खोडली.

बाकी पर्याय पाहिले. वेबओएस या ऑपरेटिंग सिस्टीमचा प्रवास वाचताना मजा वाटली: २००९ मध्ये पामच्या फोनसाठी जन्म, मग एचपीकडे, २०१३ मध्ये एलजीने घेतलं, २०१४ मध्ये टीव्हीत आलं. त्याची मुक्त आवृत्तीही २०१८ पासून आहे. पण आपल्याला ते लग्नातल्या टोपात चहा करण्यासारखं होईल. शेवटी बिल्डरूट या साधनाने आवळून बांधलेलं लिनक्स, त्यावर क्यूटी या साधनसंचात लिहिलेला आपला पडदा, आणि व्हिडिओला एमपीव्ही हा प्लेअर. हार्डवेअर रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, दोन जीबी मेमरीवाला. एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ दाबून छोटा करायच्या पद्धती, दोन्ही तो चिपमध्येच उलगडतो. नव्या पाय ५ ने एच.२६४ ची हार्डवेअर सोय काढून टाकली आहे आणि दादाच्या सगळ्या वाहिन्या एच.२६४ मध्ये. जुनं ते सोनं असं नाही, पण इथे आहे.

याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणायला माझी जीभ जरा अडखळते. दादा मात्र सगळ्यांना तेच सांगत सुटलाय.

३ मे

पडदा रंगवायला घेतला. फोन हातात असतो, टीव्ही दहा फुटांवर. जुने टीव्ही कडेचं चित्र कापतात म्हणून चारी बाजूंनी पाच टक्के जागा मोकळी सोडली. बोटाने टेकायची सोय नाही, त्यामुळे आत्ता आपण कुठल्या चौकटीवर आहोत हे खोलीच्या दारातून दिसलं पाहिजे. निवडलेली चौकट थोडी मोठी आणि भोवती पिवळी जाड कड. सावल्या-बिवल्या घातल्या होत्या, काढून टाकल्या. दुपारच्या उजेडात कुणाला दिसतात त्या?

खरा वेळ अक्षरांनी खाल्ला. चौकटीखालच्या ओळीची उंची मी इंग्रजीच्या अंदाजाने ठेवली होती. "मूर्ती" लिहिलं तर वरचा रफार आणि वेलांटी दोन्ही छाटले गेले आणि शब्द झाला "मूता". आई चष्मा सावरून म्हणाली, "ह्या काय लिवलंस?" ओळीची उंची दीडपट केली. मग "वाऱ्याचा वेग". माझ्या भाषांतराच्या फाइलीत तो "वार्याचा" असा पडला होता, कारण ज्या कीबोर्डवर टाइप केलं त्यावर ऱ नव्हताच. ल आणि श हिंदी वळणाचे येत होते, तेही खुपत होतं. मराठी वळण मुळातच असलेला फॉन्ट शोधून घातला. या सगळ्यात दोन दिवस गेले. दादाला फरक दिसला नाही. आईला लगेच दिसला.

११ मे

आईवर चाचणी. मी तोंड उघडायचं नाही, फक्त लिहायचं, असं ठरवून बसले.

चौकटी तेव्हा अठरा होत्या, सहा-सहाच्या तीन ओळी. आईने उजवं बटण दाबत दाबत पहिली ओळ संपवली, पुढे काही होईना तेव्हा रिमोट उलटा करून बघितला आणि म्हणाली, "माका सह्याद्री व्हया. ही बाकीची चित्रां कित्याक?"

याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खाली उतरण्याची कल्पनाच तिच्या डोक्यात नाही, तिच्या लेखी टीव्ही म्हणजे पुढे आणि मागे. संध्याकाळी सगळं मोडून एकच ओळ केली. एका ओळीत वाचता येईल अशा मापाच्या चौकटी सात बसतात. त्यामुळे सात. यामागे संशोधन वगैरे काही नाही, पडद्याची रुंदी आहे.

२६ मे

काल मान्सून देवगडापर्यंत आला. मे महिन्यात! आंबे अजून झाडावर आहेत. पहाटेपासून लाईट जा-ये करतेय, आणि आमच्या नमुन्याच्या चार डब्यांपैकी तीन बंद असल्याचे फोन सकाळी आठच्या आत आले.

बंद नव्हते. वाहिन्या लागत होत्या, पेन ड्राइव्हवरचे फोटो दिसत होते. फक्त रेडिओ आणि हवामानाचं पान "जोडणी नाही" म्हणत होतं. दादा म्हणाला लाइन तुटली. लाइन तुटली तर वाहिन्या कशा लागतील, त्याही त्याच तारेतून येतात. तासभर दोघांनी एकमेकांच्या कामाला नावं ठेवली.

मग मावशीच्या घरी गेले आणि पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं. पहाटेचे ५:३७. बाहेर सकाळचे पावणेदहा. तारीख बघायला आत गेले: १ जानेवारी १९७०.

पाय ४ मध्ये घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. वीज गेली की तो वेळ विसरतो आणि शून्यापासून मोजायला लागतो. ते शून्य ग्रीनिचच्या मध्यरात्रीचं, आपल्याकडे तेव्हा साडेपाच वाजलेले. इंटरनेटवरून वेळ विचारायची सोय मी केली होती, पण ती सुरू होताना एकदाच विचारत होती. डबा वीस सेकंदांत उठतो, फायबरचा मोडेम उठायला दोन मिनिटं घेतो. डब्याने विचारलं, उत्तर आलं नाही, गप्प बसला. पुढे सुरक्षित जोडणीची वेळ आली तेव्हा समोरच्या सर्व्हरचं ओळख पटवणारं प्रमाणपत्र २०२५ चं, आणि आमच्या लेखी साल १९७०. प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही म्हणून नाकारलं. वाहिन्यांना प्रमाणपत्र लागत नाही, त्या बिनबोभाट चालू.

दुरुस्ती तीन पदरी. वेळ मिळेपर्यंत विचारत राहायचं. दर दहा मिनिटांनी आत्ताची वेळ फाइलीत टाकून ठेवायची आणि उठल्यावर निदान तिथून सुरुवात करायची. दोन-चार तासांची चूक प्रमाणपत्रांना चालते. आणि खोल्यांसाठीच्या डब्यांत डीएस३२३१ हे छोटं घड्याळ लावायचं, नाण्याएवढ्या सेलवर चालणारं.

एक गोष्ट मात्र आधीच बरोबर केली होती. सिस्टीमचा भाग फक्त वाचता येणारा ठेवलाय, लिहायची जागा वेगळी आणि छोटी. सकाळभरात अकरा वेळा लाईट जाऊनही एकही मेमरी कार्ड बिघडलं नाही. स्वतःची पाठ थोपटली. दुसरं कोणी नव्हतं माळ्यावर.

७ जून

बाजारात हजार-दीड हजाराचा एक डबा आलाय, "सगळी चॅनेलं फुकट". दादाच्या एका गिऱ्हाइकाने घेतला आणि दादाला दाखवून म्हणाला, तुमच्यापेक्षा हा बरा. मी तो दोन दिवस मागून घेतला. काही न लावता रात्रभर नुसता जोडून ठेवला आणि तो कुठे कुठे बोलतो ते राउटरवर नोंदवलं. सकाळी बघते तर भलत्याच पत्त्यांवर शेकडो विचारणा. टीव्ही बंद होता.

परवाच, ५ जूनला, अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स २.० बद्दल इशारा दिलाय: स्वस्त टीव्ही बॉक्स आणि तत्सम उपकरणं विकण्याआधीच बाधित केलेली असतात, किंवा बसवताना अनधिकृत दुकानातून उतरवलेल्या ॲपमधून बाधित होतात, आणि मग घरमालकाची इंटरनेट जोडणी परक्यांच्या उद्योगांना आडोसा म्हणून वापरली जाते. हा डबा त्यातलाच आहे असं माझ्याकडे सिद्ध करायला काही नाही. पण गिऱ्हाइकाला विचारणांची यादी छापून दिली.

यावरून आपला नियम पक्का झाला. आपल्या डब्यात ॲपचं दुकान नाही. जे आहे ते आम्ही घातलेलं, आणि प्रत्येक चौकट कोणाशी बोलते त्याची यादी डब्यातच ठेवलेली. त्या यादीबाहेरचं काही जायला वाटच नाही. दादा कुरकुरला, "लोक मागतले रे काय काय." मी म्हटलं, मागू देत, वहीत लिहून ठेव.

१५ जून

सगळ्यात जास्त जे मागतात ते तर आधीच लिहिलेलं आहे. दादाच्या भाषेत: "ता सगळा खरा, पण यूट्यूब खय आसा?"

यूट्यूबचं टीव्हीवरचं रीतसर ॲप मान्यताप्राप्त उपकरणांसाठी. आडवाटेने चालवणारी ॲप आहेत, पण ती कधी बंद पडतील याचा नेम नाही, आणि आजच्या घडीला धंद्यात ते नको. बरेच दिवस हे घोडं अडलं होतं. मग लक्षात आलं की बहुतेक घरांत टीव्हीला खोचायची, यूट्यूब चालवणारी एक स्टिक आधीच आहे, किंवा टीव्हीतच यूट्यूब आहे. आपल्याला यूट्यूब चालवायचंच नाहीये, तिथवर माणसाला पोचवायचं आहे.

एचडीएमआयच्या तारेत सीईसी नावाची एक बोलण्याची वाट असते. त्याच वाटेने टीव्हीच्या रिमोटची बटणं आमच्या डब्यापर्यंत येतात, म्हणून वेगळा रिमोट द्यावा लागत नाही. त्याच तारेवर आमच्या डब्याने "४एफ ८२ २० ००" एवढं ओरडायचं. चार म्हणजे बोलणारा प्लेअर, एफ म्हणजे सगळ्यांना उद्देशून, ८२ म्हणजे "आता चित्र इथून येतंय", आणि २० ०० म्हणजे दुसरं एचडीएमआय. खरं तर हे स्टिकने बोलायचं वाक्य, आम्ही तिच्या नावाने बोलतो. टीव्ही मुकाट्याने तिकडे वळतो. पाच टीव्हींवर करून पाहिलं, चार वळले. पाचव्यात सीईसी सेटिंगमध्येच बंद होतं, वर प्रत्येक कंपनीने त्याला वेगळंच नाव देऊन ठेवलंय.

जायची सोय झाली, यायची नाही. टीव्ही स्टिककडे वळला की रिमोटची बटणंही तिकडेच जातात, आमच्या डब्याला काही ऐकू येत नाही. आई यूट्यूबमध्ये अडकून बसली. म्हणजे दादाची मोटारसायकल पुन्हा सुरू.

उपाय बाजारपेठेतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळाला: दारावरच्या बेलचं बटण. दोन मीटर वायर, एक टोक पायच्या पिनेला. दाबलं की डबा ओरडतो, "चित्र इथून", आणि पडदा घरी. आईने ते पाचसात वेळा उगाचच दाबून पाहिलं.

२ जुलै

"दर्या" ही चौकट. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रमाहिती केंद्राचा लाटांच्या उंचीचा अंदाज, वाऱ्याचा वेग, आणि भरती-ओहोटीच्या वेळा. शेजारचे काका, ज्यांची होडी १ जूनपासून शाकारून ठेवलेली आहे, ते बघायला आले. भरतीच्या तक्त्याकडे बघून म्हणाले, "तिथीची पाऊणपट केली काय भरती कळता. तेका टीव्ही कित्याक व्हयो?"

खरंच आहे. पौर्णिमेची पंधरावी तिथी, तिची पाऊणपट सव्वाअकरा, भरती साधारण त्या सुमाराला. हे सूत्र त्यांच्या वडिलांकडून आलेलं. पण लाटांच्या उंचीपाशी ते थांबले, पुन्हा मागे जायला सांगून दोनदा बघितलं. मासेमारीबंदी ३१ जुलैपर्यंत आहे, त्यानंतर पुन्हा येऊन बघतो म्हणाले.

मी भरतीचा तक्ता लहान केला आणि लाटांचा आकडा मोठा. खोल्यांत उतरणाऱ्या पाहुण्यांना मात्र तिथीही माहीत नसते आणि उधाण-भांग (मोठ्या आणि लहान भरतीचे दिवस) ही नाही. त्यांच्यासाठी सगळ्यात वर एकच ओळ: आज पाण्यात उतरावं की नाही. ती ओळ डबा लिहीत नाही. घरमालक रोज सकाळी समुद्राकडे बघून लिहितो.

१९ जुलै

फायबर दोन दिवस बंद, आंब्याची फांदी पडली. तोवर काहीतरी दिसावं म्हणून डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची फुकटची उपग्रह सेवा, आणायची ठरलं. उपग्रहाचा सिग्नल पकडणारा यूएसबी ट्यूनर, त्यावर टीव्हीहेडएंड हे वाहिन्या वाटणारं सॉफ्टवेअर. बऱ्याचशा वाहिन्या जुन्या एमपीईजी-२ या व्हिडिओच्या पद्धतीत. पाय ४ च्या चिपमध्ये त्याची सोय नाही, पण ७२० बाय ५७६ चं चित्र प्रोसेसर हसतखेळत उलगडतो.

डिश लावणं हा वेगळाच खेळ. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ आहे ९३.५ अंश पूर्वेला. मालवणातून म्हणजे आग्नेयेला, जमिनीपासून साधारण साठ अंश वर. आणि आमच्या आग्नेयेला साठ अंशांवर आहे आजोबांनी लावलेला माड. वारा नसताना सिग्नल उत्तम. वारा आला की झावळी मध्ये येते, चित्राचे चौकोन होतात, झावळी गेली की बातम्या पुढे. माड तोडायचा विषय आईसमोर निघू शकत नाही. डिश परसात हलवली.

मुसळधार पावसात हाही सिग्नल जातो. ११ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी पावणेतीन सेंटिमीटर, पावसाचे थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात. तेव्हा व्यवस्था अशी: फायबर असेल तर फायबर, नसेल तर डिश, दोन्ही नसतील तर "फोटो" चौकट आपोआप पुढे येते. दादा म्हणाला, चौथा पर्याय भजन.

३० ऑगस्ट

चतुर्थी २७ ला झाली. २५ ला संध्याकाळी मी सगळ्या डब्यांना सुधारणा पाठवली. कशाला? माहीत नाही. हातांना खाज. दोन डबे नव्या आवृत्तीत उठेनात. सिस्टीमच्या दोन प्रती ठेवलेल्या असल्याने तीनदा आपटून ते जुन्यावर परत गेले, नाहीतर ऐन गणपतीत माझी उत्तरपूजा होती. दादाने वहीत तांबड्या शाईने लिहून ठेवलंय: श्रावण संपला की सुधारणा बंद.

घरात चौदा माणसं, मुंबईचे चाकरमानी धरून. सगळ्यात जास्त चालली ती फोटोंची चौकट. यादीतून मी तीनदा खोडलेली आणि आईने तीनदा परत घालायला लावलेली. कुणीतरी १९९४ च्या मखराचे फोटो स्कॅन करून आणले होते. आरतीच्या आधी अख्खा तास त्यातच.

१३ सप्टेंबर

तारकर्लीच्या दहा खोल्यांत डबे बसले. चौकटी अखेर अशा: सह्याद्री, वाहिन्या, यूट्यूब, दर्या, रेडिओ, फोटो, घर. "घर"मध्ये वायफायचा पासवर्ड आणि जेवणाच्या वेळा.

पहिल्याच रात्री एका घरमालकिणीचा फोन. पाहुणे पलंगाजवळचं बेलचं बटण दाबतात, दाबत राहतात, आणि मग खाली येऊन विचारतात, चहाला इतका वेळ का. तोवर वर टीव्ही दर वेळी पहिल्या पडद्यावर येऊन बसलेला.

बटणावर "टीव्ही" असं लिहून चिकटवायचं. आणि त्या म्हणाल्या तसं, शेजारी दुसरं बटण चहाचं. पायला पिना उरल्या आहेत. वायर आणायला सोमवारी बाजारपेठेत. सोबत एचडीएमआयच्या तोंडाला लावायची रबरी टोपणं बघायची, खाऱ्या हवेने दोन नंबरच्या खोलीतली पिन आत्ताच हिरवी पडायला लागलीय.